आयपलीकडची घरे आणि पाहुण्यांचे नकाशे

ॲम्स्टरडॅमला येणाऱ्या प्रवाशांसाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्या मार्गदर्शिका निघाल्या, त्यांत शहराच्या उत्तर भागाला, म्हणजे नोर्डला, एक स्वतंत्र प्रकरण मिळू लागले आहे. पूर्वी तसे नव्हते. मध्यवर्ती रेल्वेस्थानकाच्या पाठीमागे आय नावाचे रुंद पाणी आहे. ते ओलांडून पलीकडे पाहण्यासारखे काही असेल, असे जुन्या मार्गदर्शिकांना वाटत नसे. आता मात्र त्या प्रवाशाला स्थानकाच्या मागच्या दाराने बाहेर काढतात, फुकट चालणाऱ्या फेरीबोटीत बसवतात आणि काही मिनिटांत पलीकडच्या तीरावर उतरवतात. तेथे त्याने काय पाहावे हेही ठरून गेले आहे. २०१२ मध्ये उघडलेले पांढरेशुभ्र चित्रपट संग्रहालय. शेल कंपनीच्या जुन्या मनोऱ्याच्या गच्चीवरून बाहेर झेपावणारा झोपाळा. एनडीएसएम गोदीच्या क्रेनमध्ये थाटलेले हॉटेल. वेल्डिंगच्या शेडमध्ये मांडलेली भित्तिचित्रे. वेळ उरल्यास सायकलवरून डुर्गरडॅम आणि रान्सडॉर्प या जुन्या खेड्यांकडे एक फेरी. या साऱ्याला ओबडधोबड, अस्सल, अजून न बिघडलेले, अशा अर्थाची विशेषणे लावली की प्रकरण संपते.

नोर्डमध्ये लाखाहून अधिक माणसे राहतात, ती या प्रकरणात कोठेच भेटत नाहीत. बान्ने बाउकस्लोटच्या इमारतींतून आणि पवनचक्कीच्या पात्यांसारखे पंख पसरलेल्या मोलनवेइकच्या उंच इमारतींतून जे कष्टकरी संसार करतात, ज्यांत सुरिनाम, तुर्कस्तान आणि मोरोक्कोहून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या दारापर्यंत मार्गदर्शिकेचा नकाशा पोहोचत नाही. तीरावरची कॅफे एका टोकाला, खेड्यांची चित्रमय कौले दुसऱ्या टोकाला आणि मधला सर्व प्रदेश सायकलने लवकर मागे टाकण्याजोगा, अशी ही भूगोलाची मांडणी आहे. ती निष्पाप आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या भूमीचा इतिहास एकदा चाळावा.

आयच्या उत्तर तीरावर फोलेवेइक नावाचे भूशिर होते. शहराने मृत्युदंड दिलेल्यांची प्रेते तेथे खांबांना बांधून सडत ठेवली जात, म्हणजे बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला शहराचा कायदा दिसावा. १७९५ पर्यंत हा प्रकार चालू होता. मे १६६४ मध्ये एल्श्ये क्रिस्टियान्स नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीचा देह तेथे बांधला गेला. मोलकरणीचे काम शोधत ती डेन्मार्कमधील जटलंडहून आली होती. खोलीचे भाडे थकले, मालकिणीने भांडण काढून झाडूने मारले आणि मुलीने हाताला लागलेली कुऱ्हाड उचलली. रेम्ब्रांट आय ओलांडून गेला, त्याने खांबाला बांधलेली ती मुलगी आणि तिच्याशेजारी टांगलेली कुऱ्हाड रेखाटली. ती चित्रे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. चित्रातील मुलगी कोण, हे नाव लावून सांगायला विसावे शतक उजाडावे लागले. ज्या परिसरात ती लटकत होती, त्याच परिसरात आज प्रवासी तिकीट काढून झोपाळ्यावर बसतात. एखादी चतुर मार्गदर्शिका फाशीच्या माळाचा उल्लेख अंगावर शहारा आणण्यापुरता करते. भांडण घरभाड्यावरून झाले होते, हे मात्र गाळते.

घरभाडे हाच नोर्डच्या इतिहासाचा कणा आहे. १९०१ च्या गृहनिर्माण कायद्याने डच नगरपालिकांना घरे बांधण्यासाठी सरकारी कर्जे मिळण्याचा मार्ग मोकळा केला. त्याआधीच, १८९६ मध्ये, ॲम्स्टरडॅमने शहराची जमीन विकून न टाकता ती भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले होते. १९१४ मध्ये फ्लोर विबाउट हे समाजवादी नेते नगरपालिकेच्या कारभारी मंडळात आले. हा लाकडाचा धनवान व्यापारी मार्क्सच्या विचाराने कामगारांच्या पक्षात आला होता, आणि त्याला उद्याच्या क्रांतीइतकीच आजच्या संडासाची व नळाची काळजी होती. पुढच्याच वर्षी नगरपालिकेचे गृहखाते स्थापन झाले आणि आरी केप्लर त्याचे प्रमुख झाले. आयपलीकडच्या, गाळाने भरून काढलेल्या स्वस्त जमिनीवर बागेची वसाहत ही कल्पना उभी राहू लागली : वास्तुकार फान डेर पेक यांच्या नावाची वस्ती, टाउनडॉर्प ओस्टझान, निउवंडाम, फ्लोराडॉर्प. दोन मजली विटांची घरे, मागे परसू, मध्ये चौक. यॉर्डानच्या कोंदट तळघरांतून आलेल्या कुटुंबांना प्रथमच स्वतःचे दार आणि दारापुढे जमीन मिळाली. १९१६ च्या पुराने आसपासच्या छोट्या ग्रामपालिका कंगाल झाल्या होत्या; १९२१ मध्ये बाउकस्लोट, निउवंडाम आणि रान्सडॉर्प शहरात विलीन झाली आणि नोर्डला आजचा विस्तार आला.

येथे एक गोष्ट प्रसंगवशात सांगितली पाहिजे. नोर्डमधील एल्म वृक्षांच्या रानाला विलेम फ्लीखन यांचे नाव आहे. कामगारांनाही रान असावे म्हणून ज्यांनी हट्ट धरला ते हे फ्लीखन, डच समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. याच पक्षाच्या यजमानपदाखाली ऑगस्ट १९०४ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद ॲम्स्टरडॅमला भरली आणि तिच्या व्यासपीठावरून दादाभाई नौरोजींनी भारताच्या लुटीचा जाब युरोपातील कामगारांसमोर मागितला. रानाच्या कडेला आज प्रवाशांसाठी तंबूंचा तळ आहे आणि मार्गदर्शिकेत त्या तळाचे दर असतात.

परंतु समाजवाद्यांच्या कर्तृत्वाची आरती ओवाळून थांबणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. याच नोर्डमध्ये, याच गृहखात्याने, १९२६-२७ मध्ये आस्टरडॉर्प उभारले. सव्वाशेहून अधिक घरे, भोवती भिंत, आत जाण्यास एकच दरवाजा. भाडे थकवणारी, घर अस्वच्छ ठेवणारी, दारू वा भांडणे यांमुळे शेजाऱ्यांना नकोशी झालेली जी कुटुंबे चांगल्या वसाहतींत 'अपात्र' ठरली, त्यांना येथे ठेवून सुधारण्याचा हा प्रयोग होता. देखरेख करणाऱ्या बाया येत, घर तपासत आणि कुटुंब पात्र झाले की नाही ते ठरवत. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. पण कामगारवर्गाला घर देता देता त्यातल्याच सर्वांत दुबळ्या थराला भिंतीआड घालण्याची बुद्धी समाजवादी कारभाऱ्यांना का झाली, हा प्रश्न शंभर वर्षांनीही जुना झालेला नाही. सज्जन गरीब आणि दुर्जन गरीब ही भांडवलदारी नीतिशास्त्राची विभागणी त्यांनी उचलली आणि तिला विटांचे रूप दिले. आस्टरडॉर्पचा पत्ता हाच मग कलंक झाला. जे एकदा भिंतीआड गेले, ते भिंतीबाहेरही तिला बरोबर घेऊनच हिंडले.

भिंती बांधणाऱ्यांना त्या पुढे कोणाच्या हाती जातील हे ठाऊक नसते. १९४० मध्ये बाँबहल्ल्यात बेघर झालेल्या रॉटरडॅमकरांना तेथे ठेवले गेले. त्यानंतर जर्मन अमलाखाली, छावण्यांकडे पाठवण्यापूर्वी, ज्यू कुटुंबांना. एक दरवाजा असलेली वस्ती पहारेकऱ्याला सोयीची असते. १९५५ मध्ये घरे पाडली गेली. प्रवेशद्वाराची इमारत तेवढी उभी आहे आणि तेथे कलावंतांच्या कार्यशाळा आहेत. मार्गदर्शिका कलावंतांच्या कार्यशाळांविषयी उत्साहाने लिहितात.

युद्धाची आणखीही खूण येथे आहे. हॉलंडिया-कॅटनबर्ग या कपड्यांच्या कारखान्यातून ११ नोव्हेंबर १९४२ रोजी साडेतीनशेहून अधिक ज्यू कामगार कामावरून उचलले गेले. त्यांतले जवळजवळ कोणीही परतले नाही. १७ जुलै १९४३ रोजी फोकर विमान कारखान्यावर सोडलेले दोस्तांचे बाँब शेजारच्या कामगारवस्तीवर पडून दीडशेहून अधिक माणसे मेली. नोर्ड कारखान्यांसाठी वसवला गेला आणि कारखान्यांच्या वाट्याचा मारही त्यानेच खाल्ला.

महायुद्धानंतर गोद्या भरभराटीला आल्या. एनडीएसएममध्ये महाकाय तेलवाहू जहाजे बांधली जात. माणसे कमी पडली तेव्हा भूमध्य समुद्राच्या तीरावरून मजूर आणले गेले आणि तुर्की कामगारांसाठी 'अतातुर्क' नावाची बराकवस्ती उभी राहिली. पुढे आशियातील गोद्यांशी स्पर्धा, तेलसंकट आणि मालकांचे हिशेब यांत १९८४ मध्ये एनडीएसएमचा शेवट झाला. जे हात पोलाद जोडत होते, त्यांना बेकारभत्त्याचे कागद मिळाले. रिकाम्या शेडमध्ये मग चित्रकार, नाटकवाले, बिऱ्हाडाचा ठिकाणा नसलेले तरुण शिरले. त्यांनी तेथे खरोखरच काही जिवंत केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण भांडवलाला अशा वेळी घाई नसते. कलावंत जागेचे भाव वाढवीपर्यंत ते वाट पाहते. त्यानंतर दूरचित्रवाणीची कंपनी येते, हॉटेल येते, आणि शेवटी सदनिकांची जाहिरात येते, जिच्यात गोदीचे गंजलेले लोखंड हे दागिन्यासारखे मिरवलेले असते.

मार्गदर्शिकांनी नोर्डकडे बोट दाखवावे, यामागे केवळ लेखकांची हौस नाही. जुन्या शहरातील कालव्यांच्या काठी प्रवाशांची इतकी कोंडी झाली की नगरपालिकेने आणि पर्यटनाच्या प्रचारकांनी पाहुण्यांना बाहेर पांगवण्याचे धोरण धरले. त्या ओघात वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या झांडफोर्टची जाहिरात 'ॲम्स्टरडॅमचा समुद्रकिनारा' म्हणून होऊ लागली. नोर्ड तर शहरातच होता, आणि २०१८ च्या जुलैमध्ये आयखालून धावणारी मेट्रो सुरू झाल्यावर तो अधिकच जवळ आला. एका वस्तीची गर्दी दुसऱ्या वस्तीच्या अंगावर लोटणे याला नियोजन म्हणतात. जिना उतरू न शकणाऱ्या म्हाताऱ्या भाडेकरणीला कॅफेचे दर परवडतात की नाही, हा प्रश्न त्या नियोजनात बसत नाही.

तरीही सारा दोष पाहुण्याच्या माथी मारणे सोपे आणि चुकीचे आहे. विबाउटांची घरे पाहुण्यांनी विकली नाहीत. १९९५ मध्ये डच सरकारने गृहनिर्माण संस्थांचे कर्ज आणि अनुदान यांची वजाबाकी करून त्यांना बाजारात सोडून दिले. मग २०१३ पासून दहा वर्षे, स्वस्त घरे भाड्याने देणाऱ्या याच संस्थांवर विशेष कर बसवला. तो २०२३ मध्ये रद्द झाला. पैसा उभा करण्यासाठी संस्थांनी घरे विकली, काही पाडून महाग बांधण्याचे बेत केले. फान डेर पेक वस्तीवरही पाडापाडीचे संकट आले. रहिवासी संघटित होऊन आडवे आले म्हणून ती घरे दुरुस्तीवर निभावली. या काळात ॲम्स्टरडॅमच्या सत्तेत कोण होते? महायुद्धानंतर २०१४ पर्यंत मजूर पक्ष, म्हणजे विबाउटांच्या पक्षाचा वारस, कारभारात अखंड होता. आजोबांनी बांधले आणि नातवंडांनी विकायला काढले. 'मिश्र वस्ती' हा शब्द त्या व्यवहारासाठी वापरला गेला. गरिबांच्या वस्तीत श्रीमंतांना आणले म्हणजे वस्ती मिश्र होते. श्रीमंतांच्या वस्तीत गरिबांना जागा देण्याची वेळ आली की हाच शब्द कोणाला आठवत नाही.

नोर्डमध्ये वाढलेले लेखक मासी हुताक यांनी २०२० मध्ये एक पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ असा : तुम्ही आमचा शोध लावला नाही, आम्ही येथे नेहमीच होतो. मार्गदर्शिकांच्या 'नवा शोध' या लाडक्या शब्दाला यापेक्षा नेमके उत्तर नाही. शोध लागला असे जाहीर करायचे, म्हणजे आधी तेथे कोणी नव्हते असे मानायचे. आणि कोणी नव्हते असे मानले की जागा मोकळी समजायला वेळ लागत नाही.

मग कोणी नोर्डला जाऊच नये काय, असे विचारले जाईल. जावे, अवश्य जावे. फेरीबोटीत सकाळी सायकली घेऊन उभे असणारे बहुतेक लोक कामावर निघालेले असतात. जुन्या शहराकडे जाणारा पूल आयवर अजूनही नाही, म्हणून ती बोट फुकट आहे, प्रवाशांच्या सोयीखातर नव्हे. त्यांच्यात उभे राहावे. तीरावरचे कॅफे सोडून फान डेर पेक वस्तीतून चालत जावे, आस्टरडॉर्पच्या दरवाजाशी थांबावे, मोलनवेइकच्या इमारतीखाली जाऊन घंटांच्या पाटीवरची नावे वाचावीत. आणि आपण उतरलो ती खोली कोणाची, हे विचारावे. २०१९ पासून राहते घर वर्षाला तीस रात्रींपेक्षा जास्त पाहुण्यांना देण्यास या शहरात मनाई आहे. हा नियम घरांच्या टंचाईतूनच जन्मला.

नव्या बांधकामापैकी चाळीस टक्के घरे नियंत्रित भाड्याची, चाळीस टक्के मध्यम दराची आणि केवळ वीस टक्के महाग असावीत, असे धोरण ॲम्स्टरडॅमने २०१७ मध्ये ठरवले. गोदीच्या आणि बाउकस्लोटरहामच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर ज्या इमारती चढत आहेत, त्यांच्या प्रत्येक आराखड्याला हे प्रमाण लावून पाहावे लागेल. बांधकाम महागले, प्रकल्प परवडत नाही, जरा सूट द्या, हा बिल्डरांचा धोशा तेथेही आहे. जमीन बव्हंशी अजून शहराची आहे. भाडेपट्ट्याचा कागद १८९६ पासून नगरपालिकेच्या हातात आहे आणि त्या कागदावर कोणती अट लिहायची, हे शहराच्या मतदारांनी निवडलेल्या सभासदांनाच ठरवायचे आहे.