शेअरचा बोनस : आधी कराचा हिसाब, मग मिठाई

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडच्या कापड व्यापाऱ्यांची व लूमवाल्यांची मुले आता पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत दिसू लागली आहेत. तेथे पगाराबरोबर कंपनीचे शेअरही मिळतात. इन्फोसिसने 1990 च्या दशकात ही प्रथा आपल्याकडे रुजवली; आज अमेरिकी कंपन्यांच्या येथील कचेऱ्यांतही ती सर्रास आहे. मुलगा फोनवर सांगतो, ‘अब्बा, 20 लाखांचे शेअर मिळाले’, आणि घरात मिठाई येते. त्या 20 लाखांत सरकारचा हिस्सा किती, हे कोणी विचारीत नाही.

आपण व्यापारी वर्षअखेरीस गोदामातला माल खरेदीभाव किंवा बाजारभाव, यांत जो कमी असेल त्याने धरतो. न विकलेल्या ताग्यावर नफा दाखवीत नाही. नोकरदाराला ही सवलत नाही. शेअर त्याच्या नावावर चढला की त्या दिवसाची किंमत त्याचा पगार ठरते, मग तो विको वा न विको. शेअरपोटी त्याने काही रक्कम भरली असेल तर तेवढीच वजा होते.

समजा पगार 30 लाख आहे आणि 2000 रुपये भावाचे 1000 शेअर फुकट मिळाले. 2025-26 पासूनच्या नव्या करपद्धतीच्या दरांनी या 20 लाखांवर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 6 लाख 24 हजार रुपये द्यावे लागतात. एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर गेले तर अधिभार वेगळा.

बहुतेक कंपन्या यातलेच 312 शेअर विकून कर भरतात. पण काही हौशी मुले कर पदरचा, नाही तर उसना घेऊन भरतात आणि सगळे शेअर ठेवतात. भाव 1000 वर आला तर 10 लाखांचा माल उरतो. भरलेला कर वजा जाता 3 लाख 76 हजार. पहिल्याच दिवशी सगळे विकले असते तर 13 लाख 76 हजार रोख हाती असते. पगार म्हणून भरलेला कर परत मिळत नाही, आणि शेअर विकून झालेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. तो दुसऱ्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो, फार तर 8 वर्षे पुढे ओढता येतो. भाव पडणे ही काही अपवादाची गोष्ट नाही. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर 2021 मध्ये 2150 रुपयांना विक्रीस आला आणि साधारण वर्षभरात 500 च्या खाली गेला.

‘वर्षभर ठेवला की कर कमी लागतो’ असे मुले सांगतात. हे अर्धेच खरे आहे. कमी होतो तो 2000 च्या वर चढलेल्या भावावरचा कर. येथील बाजारात नोंदलेल्या शेअरवर 12 महिन्यांच्या आत विकल्यास 20 टक्के आणि नंतर सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के, असे हे दर जुलै 2024 पासून आहेत. मूळ 20 लाखांवरचा कर यात एका पैशाने घटत नाही.

म्हणून मुलाला एकच सवाल करावा : मालकाने हेच पैसे रोख दिले असते तर तू बाजारात जाऊन त्याच कंपनीचे शेअर घेतले असतेस का? उत्तर ‘नाही’ असेल तर विकून मोकळे व्हावे. पगार त्याच पेढीचा आणि बचतही त्याच पेढीत, हा सौदा आपला कोणताही जुना व्यापारी मान्य करणार नाही.

ज्या कंपनीचा शेअर बाजारात नोंदलेलाच नाही, तेथे मात्र माझ्या मते कायदाच अन्यायी आहे. माल विकता येत नाही आणि कर तर रोखीत मागतात. 2020 च्या अर्थसंकल्पाने हा कर काही वर्षे पुढे ढकलण्याची सोय केली, पण ती सरकारी प्रमाणपत्र असलेल्या ठराविक स्टार्टअप कंपन्यांपुरतीच. विक्री होईल तेव्हाच कर, हा नियम सर्वांना लागू व्हायला हवा.

शेअर अमेरिकी कंपनीचे असतील तर ते विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावेच लागतात, विकलेले नसले तरी. न दाखवल्यास 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याने 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. दाखविण्यातून मिळालेली नाही. त्यांच्या लाभांशावर तिकडे कापलेल्या कराची वजावट येथे मिळते, पण त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो, तेव्हा तिकडचे कागद जपून ठेवायला सांगावे.