रुईवरचा कर : अंदाज वेगळा, आकारणी वेगळी

सावंगी (मेघे) येथील एका ताईंचे पत्र आले आहे. 2025 च्या दिवाळीनंतर त्यांच्या घरी 18 क्विंटल कापूस होता. दारात आलेला व्यापारी म्हणाला, "परदेशी रुईवरचा कर शून्य झाला आहे. भाव आणखी पडणार, आत्ताच देऊन टाका." घरात पैशाची निकड होती, म्हणून ताईंनी 6 क्विंटल 7,000 रुपये भावाने देऊन टाकला. पुढे जिनिंगवरचे दिवाणजी म्हणाले, कर 10 टक्के असतो. पुतण्याने वर्तमानपत्रात 11 टक्के वाचले. ताई विचारतात, "एकाच मालावर तीन कर कसे? यात खोटे कोण बोलले?"

ताई, खोटे कोणीच बोलले नाही. पण पुरते कोणीच सांगितले नाही.

आधी आपल्या कापसाचे बघा. घरी ढीग पाहून आपण म्हणतो, वीस क्विंटल तरी भरेल. काट्यावर तो अठरा भरतो. मग ओलावा पाहतात, धाग्याची लांबी पाहतात आणि तेव्हा कुठे पट्टी हातात पडते. परदेशातून रुई मागवणाऱ्या गिरणीचेही तसेच आहे. सौदा करताना दलाल कागदाच्या तुकड्यावर कर मांडून देतो, तो घरचा अंदाज. न्हावा-शेवासारख्या बंदरात कस्टमवाले ठरवतात, ती पट्टी.

1 फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात रुईवर 5 टक्के मूळ आयातशुल्क आणि 5 टक्के कृषी अधिभार बसला. दिवाणजींचे दहा झाले. पण या दहावर आणखी दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार असतो, म्हणून पुतण्याचे अकरा. यावर जीएसटी लागतो तो निराळा, पण गिरणीला तो पुढे वजावटीत मिळतो, म्हणून त्यात शिरत नाही.

आता रक्कम बघू. समजा, गिरणीने 1,00,000 डॉलरची रुई घेतली. दलालाने डॉलर 85 रुपये धरला, 10 टक्के लावले आणि साडेआठ लाख कर सांगितला. कस्टम मात्र नुसत्या मालाच्या किमतीवर थांबत नाही. बोटीचे भाडे आणि विमाही त्यात मिळवतो. हा खर्च 4,000 डॉलर धरा. डॉलरचा दरही बँकेचा चालत नाही, कस्टमने जाहीर केलेला चालतो. तो त्या दिवशी 86 रुपये 50 पैसे असला, तर किंमत होते 89,96,000 रुपये आणि 11 टक्क्यांनी कर होतो 9,89,560 रुपये. दलालाच्या अंदाजापेक्षा जवळजवळ एक लाख चाळीस हजार जास्त! कोणी लबाडी केली नाही, तरी एवढा फरक पडला.

आता तुमच्या व्यापाऱ्याचे शून्य. सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून रुईवरचा हा कर माफ केला. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी आणि विक्री चालू असतानाच. हे वेळापत्रक ठरवणाऱ्याने पऱ्हाटी कधी फुटते ते विचारले नसावे, असे आम्हाला वाटते. 2022 मध्येही अशी माफी दिली होती.

पण इथेच एक मेख आहे, आणि तीच व्यापारी सांगत नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे सौदा कधी झाला याला महत्त्व नाही. बिल ऑफ एंट्री नावाचा कागद कस्टमकडे ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवसाचा कर लागतो. कागद आगाऊ दिला आणि बोट मागून आली, तर बोट दाखल झाल्याच्या दिवसाचा. अमेरिकेहून किंवा ब्राझीलहून बोट यायला कित्येक आठवडे लागतात. डिसेंबरमध्ये शून्य धरून सौदा केला आणि बोट जानेवारीत लागली, तर माफी हुकली.

धाग्याच्या लांबीचेही आहे. 20 फेब्रुवारी 2024 पासून 32 मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या रुईला आयातशुल्कात सूट मिळाली. बिलावर 33 लिहिले म्हणून कस्टम मान डोलावत नाही. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत जातो. तोवर हमीपत्र लिहून घेऊन माल तात्पुरत्या आकारणीवर सोडता येतो. अहवाल आला की शेवटचा आकडा. कमी भरले असेल तर व्याजासह वसुली, जास्त भरले असेल तर परतावा.

तेव्हा ताई, "कर शून्य" हे त्या दिवशी खरे होते. त्याने बाजारभावावर दाब येतो, हेही खरे. पण हमीभावाला त्याने धक्का लागत नाही. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता, मध्यम धाग्याचा 7,710. तुमचा उरलेला 12 क्विंटल सीसीआयने लांब धाग्याचा म्हणून घेतला, ओलावा 11 टक्के निघाला आणि 8 च्या वरच्या तीन टक्क्यांची कपात झाली, असे तुम्ही लिहिता. म्हणजे 7,867 रुपयांच्या आसपास पडले. त्या हिशेबाने आधीच्या 6 क्विंटलांत तुमचे सुमारे 5,200 रुपये गेले. व्यापाऱ्याने रोख दिली, सीसीआयचे पैसे खात्यावर यायला वेळ लागतो, हे मात्र त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

पुन्हा कोणी दारात येऊन कराचे सांगू लागला, तर त्याला खुशाल विचारा : माफी कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणत्या धाग्याच्या रुईला? आणि 2025-26 ला सीसीआयच्या विक्रीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागत होती. येत्या हंगामात काय लागेल, ते वेचणीआधीच बाजार समितीत विचारून सात-बारा, आधार आणि बँकेचे पुस्तक पुतण्याकडे देऊन ठेवा. कापूस दोन उन्हे जास्त दाखवून न्या. बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला, तर केंद्रावरून बंडी परत येते.