पाणी कमी असेल!

रस्त्याच्या कडेला गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली की चार माणसं जमतात आणि चौघंही एकच वाक्य बोलतात, "पाणी कमी असेल." हे वाक्य मला आता सहन होत नाही. का, ते सांगते.

मे महिन्यात मी वसईहून इंदूरला मामाकडे गेले होते. शेजारच्या काकूंना अमावास्येला नर्मदेवर स्नानाला जायचं होतं, मामाला सुट्टी होती आणि मला नर्मदा बघायची होती, म्हणून सगळे मिळून नेमावरला निघालो. नेमावर म्हणजे देवास जिल्ह्याचं दक्षिण टोक. पलीकडच्या काठावर हंडिया. नर्मदेचं नाभिस्थान इथे आहे असं मानतात, आणि सिद्धनाथाचं जुनं दगडी देऊळ अगदी काठावर आहे. इंदूरहून साधारण १३० किलोमीटर. चापडा, कन्नौद, खातेगाव सगळं मागे पडलं, एसी चालू होता, गाडीची काही तक्रार नव्हती. नेमावरात शिरलो आणि गर्दी लागली. ट्रॅक्टर, जीपा, बायकांनी भरलेल्या ट्रॉल्या. गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. मी पुढे बसले होते म्हणून मला दिसलं, तापमानाचा काटा वर चढत होता. जरा रस्ता मोकळा झाला की खाली यायचा, थांबलो की परत वर. मामाला सांगितलं, तर म्हणाला, "मे महिना आहे गं, सगळंच तापतं."

काटा लाल पट्टीत गेला तेव्हा थांबलो. बॉनेट उघडलं गेलं, पुरुष गाडीभोवती जमले आणि मी, मामी, काकू झाडाखाली. हे कुणी ठरवलं कळलंच नाही, पण ठरलं होतं. "पानी कम होगा," सगळे म्हणाले. एकाने नर्मदेच्या पाण्याचा कॅन आणला. मैयाचं पाणी, काही होणार नाही म्हणे. (नवी गाडी घेतली की आमच्याकडेही फादर पवित्र पाणी शिंपडतात. पण बाहेरून!) मामाने हाताला टॉवेल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

बंद रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं. दाब आणि कूलंट मिळून ते १२० अंशांच्या आसपाससुद्धा उकळू देत नाहीत. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं उकळून वर उसळतं. तिथे टॉवेलचं काय चालणार? मामाचा हात कोपरापर्यंत भाजला. कॅनमधलं पाणी मग इंजिनाऐवजी त्याच्या हातावरच ओतलं गेलं. इंजिनाच्या दृष्टीनेही बरंच झालं, कारण तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी पडलं तर धातू आकसून तडा जाऊ शकतो. खरं तर गाडी बंद करून तासभर काहीच न करणं, एवढंच तेव्हा हवं होतं. पण काहीच न करणं जमलेल्या माणसांना जमत नाही.

शेवटी पंक्चरवाल्याने एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याला बोलावलं. त्याने गाडीला हातही न लावता विचारलं, "खड़े में चढ़ता है कि चलते में?" मामाला आठवेना. मी झाडाखालून ओरडले, "खड़े में!"

सगळं उत्तर यातच होतं. गाडी वेगात असली की वारा आपणहून रेडिएटरमधून जातो. उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. त्याने गाडी गार होऊ दिली, पाण्याची पातळी भरून घेतली, मग इंजिन सुरू करून एसी लावला. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही. फ्यूज ठीक होता. मग त्याने हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी बसवला, आणि पंखा घरघरला.

उत्तर "चलते में" असतं, म्हणजे वेगात किंवा घाट चढताना काटा वर गेला असता, तर शोध वेगळीकडे घ्यावा लागला असता. कूलंट कमी, रेडिएटर क्षारांनी किंवा कचऱ्याने बुजलेला, वॉटर पंप गेलेला, किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा थंड, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर हेड गॅस्केट गेलंय, गाडी सुरूच करू नका. आणि तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका. पाणी इतकं संपलेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय. पाणी खरंच कमी असलं तरी ते भरणं ही दुरुस्ती नव्हे. बंद नळ्यांमधलं पाणी गेलं कुठे, हे कुणी विचारायचं?

देवासचं नाव मी आधी ऐकलं होतं ते इंग्रजीच्या वर्गात. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासचे मराठा महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते, आणि 'द हिल ऑफ देवी'मध्ये ते सांगतात की बागा, टेनिस कोर्ट यांच्याबरोबर मोटारीही त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या. कादंबरीकाराकडे गॅरेज, म्हणून आम्ही वर्गात हसलो होतो. आता मला ते हसणं खटकतं. कवितेत स्वर नेमका कुठे बदलतो, हे आम्ही तासभर शोधतो. वायरिंगवाल्याने तेच विचारलं, काट्याबद्दल.

मी सध्या ड्रायव्हिंग शिकतेय. क्लच, गिअर, रिव्हर्स, आठचा आकडा, सगळं झालं. काट्याबद्दल एक शब्द नाही. विचारलं तर सर म्हणाले, "ते मेकॅनिकचं काम." कितीतरी नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार, लाल म्हणजे थांबा. हे दोन रंग शिकवायला किती वेळ लागतो? आपल्या मंडळाने एक दुपार कॉलेजच्या पार्किंगमध्ये घ्यावी, एक बॉनेट उघडावं आणि कुणालाही झाडाखाली बसवू नये, एवढी माझी सूचना आहे. मराठीत बोलायला विषय भरपूर निघेल.

मामाच्या हाताला खातेगावात ड्रेसिंग करून घेतलं. तिथून पुढे इंदूरपर्यंत गाडी मामीने चालवली. लायसन्स तिच्याकडे नऊ वर्षं आहे, स्टिअरिंग क्वचितच मिळतं. त्यात हॉर्न नाही. काकू मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात दाखवत होत्या. घाट चढताना मी काटा बघत होते. अर्ध्याच्या वर गेला नाही.