दात्याचा हात आणि आपला अंगठा



दीक्षा घेतल्यावर आपण देव्हाऱ्यातील देव नदीत विसर्जित केले, हे उत्तमच झाले. पण मनातील देव्हारा इतक्या लवकर रिकामा होत नाही. देव गेले की त्या जागी दाता येऊन बसतो. मोटारीतून उतरलेला, छापील प्रश्नपत्रक हाती घेतलेला, आपल्या लेकरांच्या डोक्यावरून हात फिरविणारा दाता! त्याला पाहताच आपले हात आपोआप जोडले जातात. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या जोडलेल्या हातांविषयी.

वस्तीत पाहणी होते. मुलाचे वजन, आईचे शिक्षण, बापाचे व्यसन यांची टिपणे घेतली जातात. त्यांचे अहवाल होतात, अहवालांवरून धनवंतांचे न्यास पैसा सोडतात आणि त्या पैशामागोमाग सरकारचे धोरण चालू लागते. यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. पाहणी वाईट नव्हे. बाबासाहेबांइतका आकड्यांचा उपासक या देशात विरळा. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची दर हजारी ११९ मुले शिकतात आणि मागासवर्गाची अवघी १८. पुढच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आपल्या शिक्षणाची दैना सायमन कमिशनपुढे मांडली. आकडा हे त्यांचे शस्त्र होते. पण ते आपल्या हातातील शस्त्र होते. आज प्रश्नपत्रकात बापाच्या दारूचा रकाना असतो. त्या बापाला गावच्या पाणवठ्यावरून कोणी हुसकावले, याचा रकाना कोठे आहे? ज्याला रकाना नाही त्याला उपायही नाही!

हा वाद नवा नव्हे. १९३२ च्या सप्टेंबरात, पुणे करारानंतर लगेच, अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून प्रसिद्धीस आली. अध्यक्ष शेठ घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. तिसऱ्या गोलमेज परिषदेस जात असता १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी विचारले, माणसाचे दैन्य त्याच्या स्वतःच्या दुर्गुणांतून येते की त्याच्या भोवतालच्या परिस्थितीतून? दुर्गुणांतून येत असेल तर दारूबंदी, वाचनालये, तालमी, शाळा यांवर पैसा खर्च करा. पण परिस्थितीतून येत असेल, तर विहिरीवरचा हक्क, शाळेतील प्रवेश, चावडीवर बसण्याचा अधिकार, गिरणीच्या विणकाम खात्यात काम यांसाठी लढा उभारा. आणि त्या लढ्यासाठी अस्पृश्यांतूनच कार्यकर्ते घ्या. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. मध्यवर्ती मंडळातून ते व त्यांचे सहकारी बाहेर पडले. अस्पृश्यांना कारभारात जागा का नाही, याचे गांधीजींनी दिलेले उत्तर असे की, हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, पैसाही हिंदूंचा आहे, म्हणून कारभार हिंदूंनीच करावयाचा. वाहवा रे प्रायश्चित्त! पाप करणारा यजमान, पुण्य घेणाराही यजमान, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो केवळ पंगतीतील याचक.

येथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तरी बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेतलीच ना? घेतली. १९१३ साली रीतसर करारावर सही करून घेतली. कराराच्या अटी त्यांनी वाचल्या होत्या, बदल्यात बडोदे संस्थानची नोकरी करावयाची हे त्यांना ठाऊक होते. सही करणारा आणि अंगठा उमटविणारा यांत हाच भेद आहे.

अंगठ्याचे काय होते ते पाहा. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्यात आली. योजना अमेरिकेतील पाथ या संस्थेची, पैसा गेट्स प्रतिष्ठानचा, सहकार्य सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचे. खम्मममधील बऱ्याच मुली आदिवासी, वसतिगृहांतून राहणाऱ्या. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर सह्या होत्या वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या, आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे! काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये काम थांबविण्यात आले. ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. आणि ही लस कर्करोग रोखते यातही संशय नाही. तुमच्या मुलींना ती अवश्य द्या. आमची तक्रार लसीबद्दल नाही, आईबापांना वगळण्याबद्दल आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. धनिकांच्या मुलींच्या शाळेत असे करण्याची कोणाची छाती झाली असती काय?

आणि आपली स्वतःची कथा? १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, त्याबरोबर कागदोपत्री आपले दैन्य संपले असे ठरले! गावचा पाटील तोच, पाणवठा तोच, पण १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीची व्याख्या धर्माला बांधलेली, म्हणून बौद्धाचे पोर केंद्राच्या सवलतीस अपात्र. केंद्राने ती चूक सुधारली १९९० साली. चौतीस वर्षे! दोन पिढ्यांची केंद्राच्या सवलतींची वाट एका व्याख्येने अडविली, आणि ती व्याख्या लिहिताना कोणी आपल्या दारी विचारावयास आले नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी पाहणीवाले आले की त्यांना पाणी द्या, बसावयास सतरंजी घाला. पण कागदावर लगेच काही उमटवू नका. पैसा कोणाचा, टिपणे कोठे जाणार, अहवालाची मराठी प्रत वस्तीला मिळणार की नाही, हे विचारा. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले की नाही, ते स्वतः पाहा. वसतिगृहात मुलगी असेल तर आजच अधीक्षकांना लेखी कळवा की, आम्हांस विचारल्यावाचून आमच्या वतीने सही करू नये. आणि तो कोरा नमुना घरी ठेवून घ्या. रविवारी वंदनेनंतर विहारात कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून तो सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्या.