काविळीचं पाणी

परवा नातेपुत्याहून मामींचा फोन आला. मामांचे डोळे पिवळे दिसतायत, म्हणून त्या त्यांना कावीळ उतरवायला घेऊन निघाल्या होत्या! चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. आता हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळला, तर चुन्याचं पाणी कुणाच्याही हातानं पिवळं होतं. अंनिसचे कार्यकर्ते हे कितीतरी वर्षं करून दाखवतायत.

खरा पिवळा रंग रक्तातूनच येतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला मोडतात. हिमोग्लोबिनमधलं लोह नव्या रक्तासाठी राखून ठेवलं जातं. उरलेल्या रंगाचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार काळानिळा, हिरवट, पिवळा होत जातो ना, तेच हे. हे बिलिरुबिन यकृत पित्तातून बाहेर टाकतं.

म्हणजे डोळे पिवळे झाले, तर पेशी जास्त मोडतायत, यकृत आजारी आहे किंवा पित्ताची वाट अडलीय. यातलं नेमकं काय, ते चुन्याला काय कळणार?

विषाणूमुळे झालेली कावीळ बरेचदा आपोआप बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. पण वाट खड्यानं अडली असेल, तर वाया गेलेले दिवस कोण परत देणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच, आधी रक्त तपासा.

मामी रुसल्यात. पण मामांना तपासणीला घेऊन गेल्यात. रिपोर्ट उद्या.