हात न पोंचणारें भांडें

परवां आमच्या घरीं मिक्सरच्या भांड्यांतील रबरी कडें झिजलें म्हणून काढलें, तों त्याखालीं जुन्या चटणीचा काळा, आंबूस थर बसलेला दिसला. भांडें रोज घासलें जात होतें व बाहेरून लखलखीत होतें. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "जेथें हात पोंचत नाहीं, तें भांडें घासलें असें म्हणूं नये."

हे शब्द ऐकतांच आम्हांला पूर्वीं पाहिलेल्या एका दुधाच्या कारखान्याची आठवण झाली. पिशवींतून घरीं येणारें दूध कारखान्यांत कोणी बादल्यांनीं वाहून नेत नाहीं. तें नळांतून धांवतें, आणि त्यास धांवावयास लावतो तो पंप. टांकी किंवा नळ धुणें त्या मानानें सोपें. पंपांत फिरते भाग, सांधे व कोपरे असतात, आणि प्रत्येक कोपरा हें एक हात न पोंचणारें भांडेंच होय.

विहिरीवरील पंप व दुधाचा पंप यांचें तत्त्व एकच आहे. बंद कोठींत पंखा वेगानें फिरतो आणि मध्यभागीं आलेलें दूध कडेकडे फेंकलें जाऊन पुढील नळांत रेटलें जातें. अंतर आहे तें घडणींत. दुधाचा पंप न गंजणाऱ्या पोलादाचा असतो. खारट व आंबट पदार्थांसाठीं ३१६ क्रमांकाचें पोलाद पसंत करतात. त्यांत शेंकडा २ ते ३ भाग मॉलिब्डेनम असल्यामुळें मिठानें त्यास सहसा खड्डे पडत नाहींत. आंतील पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, कमी ठेवतात. हें शोभेसाठीं नव्हे. ओरखड्यांत जंतूंनीं ठाणें मांडलें, कीं त्यांचा चिकट थर बनतो आणि तो साध्या धुण्यानें निघत नाहीं.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे फिरता दांडा कोठींत शिरतो ती. जुन्या पंपांत तेथें दोरीसारखें भरण ठांसून बसवीत. तें दूध शोषून घेई व दूध तेथेंच नासे. आतां त्या जागीं दोन अत्यंत सपाट कडीं एकमेकांस टेकून असतात. एक स्थिर राहतें व दुसरें दांड्याबरोबर फिरतें.

श्रीखंड किंवा फळांच्या फोडी असलेला मुरंबा यांना असा पंखा मानवत नाहीं. त्यांच्यासाठीं दोन पाकळीदार चाकें परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात, परंतु एकमेकांस शिवत नाहींत. त्यांचा मेळ राखणारीं दांतेरी चाकें अन्नाच्या कोठीबाहेर असतात, म्हणून त्यांचें तेल अन्नापासून दूर राहतें.

मोठ्या कारखान्यांत ही सारी यंत्रणा न उघडतांच धुतात. प्रथम पाणी, मग कॉस्टिक सोड्याचें ऊन द्रावण, पुन्हां पाणी, मग अम्ल आणि शेवटीं स्वच्छ पाणी. नळांतील वेग सेकंदास सुमारें दीड मीटर तरी असावा लागतो, नाहीं तर मळ जागचा हलत नाहीं. तथापि आडोशाच्या कोपऱ्यांत हा प्रवाहही शिरत नाहीं. म्हणून पंप अधूनमधून उघडून पाहावाच लागतो.

"दूध तापविलें म्हणजे झालें," असें कोणी म्हणेल. त्यानें जपानांतील २००० सालची हकीकत ऐकावी. ओसाका भागांत स्नो ब्रँड कंपनीच्या दुधानें १३,००० हून अधिक लोक आजारी पडले. प्रथम संशय तेथील कारखान्यांतील नीट न धुतलेल्या एका झडपेवर गेला. पुढें मूळ सांपडलें तें होक्काइदो बेटावरील दुसऱ्या कारखान्यांत. तेथें मार्च महिन्यांत कांहीं तास वीज गेली होती, दूध यंत्रांत कोमट स्थितींत तुंबलें आणि त्यांत जंतु वाढले. पुढें तापविल्यानें जंतु मेले, परंतु त्यांनीं सोडलेलें विष शिल्लक राहिलें आणि त्या दुधाच्या भुकटींतून तें ओसाकास पोंचलें. उष्णतेनें जंतु मरतात, पण घडून गेलेली हयगय धुऊन निघत नाहीं.

आम्हीं पाहिलेल्या त्या कारखान्यांत कारागिरानें एक पकड सैल करून पंपाचें झांकण काढलें व आंत हात घालून दाखविला. दुसऱ्या एका ठिकाणीं हाच प्रश्न केला, तेव्हां अभिमानानें उत्तर मिळालें, "आमचा पंप वर्षांत एकदांही उघडावा लागत नाहीं." पहिल्या ठिकाणचें दूध आम्हीं निर्धास्तपणें प्यालों. दुसऱ्या ठिकाणीं तहान नसल्याचें सांगितलें.

आपल्या घराण्यांत सोंवळ्याचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांतील शिवाशिवीचें खूळ गेलें तें उत्तमच झालें. पण अन्नाच्या भांड्याकडे डोळसपणें पाहण्याची जी संवय त्यांत होती, ती मात्र टाकूं नये. लेंकरांच्या तोंडीं जाणारें दूध आतां आपल्या नजरेआड अनेक यंत्रांतून येतें. तेव्हां दुग्धालय पाहण्याची संधि मिळाल्यास तेथील चकचकीत फरशी पाहून परतूं नये. "पंप शेवटीं केव्हां उघडला होता?" एवढें विचारावें. आणि विचारण्यापूर्वीं आपल्या मिक्सरचें रबरी कडें एकदां काढून पाहावें.