स्वस्त घराची खरी किंमत

मुंबईंत नोकरी करणाऱ्या मध्यम स्थितींतील गृहस्थापुढें घर घेतेवेळीं एक पेंच हटकून उभा राहतो. शहरांत राहावें, तर एका खोलीसही सारी पुंजी पुरत नाहीं. बदलापूर किंवा विरार गांठावें, तर दोन खोल्या, वारा आणि उजेड आटोक्यांत येतो. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली; पुढें आगगाडीच्याच आधारानें हीं दूरचीं गांवें शहराशीं जोडलीं गेलीं.

गाडीचा पास स्वस्त, म्हणून दूरचें घर लाभाचें, असा हिशेब पुष्कळजण करितात. आमच्या मतें तो अपुरा आहे. बदलापूर बोरीबंदरापासून सुमारें ६८ किलोमीटर. जातां-येतां मिळून रोज तीन तास धरिले, तर कामाच्या ३०० दिवसांत ९०० तास, म्हणजे साडेसदतीस अहोरात्र, प्रवासांतच सरतात. आणि तेही बहुधा गर्दींत उभ्यानें! मुलें जागीं होण्यापूर्वीं वडील, व आज पुष्कळ घरीं आईही, बाहेर पडलेलीं असतात. त्या घरचा उजेड त्यांच्या वांट्यास रविवारींच येतो.

तथापि दूरचें घर वाईटच, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची नोकरी कल्याण-अंबरनाथकडे, त्यास तें सोयीचेंच. आणि शहरांतील कोंदट खोली मुलांच्या अभ्यासास पोषक नसते, हेंही खरें. पालकांस आमची विनंती इतकीच कीं, जमाखर्चाच्या वहींत रुपयांशेजारीं तासांचाही एक रकाना आंखावा. आणि विद्यार्थ्यांनो, आईबाप थकून परततात, त्या तासांचें मोल तुम्हीही ओळखा.